खांद्यावरचा आकडा

वेरूळच्या डोंगराला पोट आहे, तशी पाठही आहे. दूरदूरची माणसं येतात ती पोटातली लेणी बघायला. पाठीकडं कुणी फिरकत नाही. तिथं कुसळी गवत आहे, बोरी-बाभळी आहेत, आणि पाऊसकाळ सरल्यावरही थोडे दिवस झुळझुळत राहणारे दोन ओढे आहेत. सारजाबाईचा संसार या पाठीवर. लेणी तिनं एकदाच पाहिली, नवी नवरी होती तेव्हा. "दगडाचा हत्ती बघितला," एवढंच ती सांगते. "चारा मागत नाय, दूध देत नाय. चांगला हाय."

ती जन्मली वाटेवर. गोदाकाठच्या कुणाच्या तरी रानात बापानं मेंढरं बसवली होती, खतासाठी, आणि तिथल्याच लिंबाखाली आई बाळंत झाली. शाळा जिथं होती तिथं त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, दोन रात्रींच्या वर कधी टेकला नाही, त्यामुळं शाळेची आणि तिची ओळख झाली नाही. पण मोजणं तिला बापानं शिकवलं. सांजच्याला काट्याच्या कुंपणाचं तोंड अरुंद करायचं, मेंढरं एकेक आत घ्यायची, आणि वीस झाली की ओच्यात एक खडा टाकायचा. विसाला एक खडा. शेवटी खडे मोजले की कळप कळला. चार-पाच घरची मेंढरं एकत्र चरायची, म्हणून ज्याच्या त्याच्या जनावराच्या खांद्यावर ज्याच्या त्याच्या रंगाचा ठिपका असायचा. खडा सांगतो किती, ठिपका सांगतो कुणाचं. एवढ्या दोन गोष्टींवर धनगराचं गणित उभं होतं. आणि त्या गणितात सारजा कधी चुकली नाही. बाप लोकांपुढं सांगायचा, "चांदण्या मोजायला बसवा माझ्या पोरीला. उजाडायच्या आत सांगंल."

पुढं दिवस पालटले. रानं बागायती झाली, वाटा डांबरी झाल्या, मेंढरं बसवून घेणारे शेतकरी पोत्यातलं खत घेऊ लागले. नवरा गेला. मेंढरं थोडी राहिली आणि शेळ्या वाढल्या. एकुलता एक रामेश्वर वाळूजला कंपनीत लागला. बसनं पाळीला जायचं, बसनं यायचं, पत्र्याच्या खोलीत झोपायचं. चांगला पोरगा. आईवर जीव होता, म्हणूनच मागं लागला होता.

"आई, शेरडं इकून टाक आन माझ्याकडं ये. तिथं एकटी पडलीस झडलीस तर कोण बगंल तुला?"

"आन तुझ्या खोलीत म्या काय करू? भिंतीला चारू?"

वाद लई दिवस चालला. शेवटी दोघांत एक ठरलं. वेरूळ फाट्यावर शेळीच्या दुधाची नवी डेअरी निघाली होती. तिथं दूध लागलं, तर शेळ्या राहतील आणि आईही राहील. दूध परत आलं, तर गवळी येईल, दोर धरून शेळ्या नेईल, आणि आईनं मुकाट्यानं वाळूजची बस धरायची. सारजाबाईनं शब्द दिला. तिच्या लेखी दिलेला शब्द म्हणजे टाकलेला खडा. परत उचलता येत नाही.

डेअरी मंतशाची. शहरातल्या शहागंजकडची पोर, कॉलेजात जंतूंचं शिक्षण घेतलेली. तिच्या आजोबांचं खव्याचं दुकान होतं, वडील जब्बारभाई आता तिचा टेम्पो चालवायचे. शेळीच्या दुधाचं चीज करून ती शहरातल्या हॉटेलांना द्यायची. धड दही नाही, धड पनीर नाही, असली ती वस्तू लोक विकत घेऊन का खातात हे सारजाबाईला कधीच उमगलं नाही. पण पोर तिला आवडायची. डोक्यावरची ओढणी मागं बांधून स्वतः कॅन उचलायची.

तर, चीजचं दूध कच्चं लागतं, तापवलेलं चालत नाही. म्हणून मंतशा दर घरच्या दुधाचा नमुना घ्यायची, शहरात नेऊन त्यातले जंतू मोजायची, आणि दोन दिवसांनी फाट्यावरच्या शेडमधल्या फळ्यावर खडूनं लिहायची. नाव, नावापुढं आकडा, आणि आकड्यापुढं बरोबरची खूण नाहीतर फुली.

त्या सकाळी सारजाबाई फळ्यापुढं उभी राहिली. अक्षर तिला येत नव्हतं, पण मोबाइलमुळं आकडे येत होते. आपलं नाव ती आकारावरून ओळखायची. नावापुढं होतं 3.2 × 10⁶, आणि पुढं फुली. खालचं नाव तिच्या दिराचं, मल्हारीचं. त्याच्यापुढं 9.1 × 10⁴, आणि पुढं बरोबरची खूण.

तिनं परत वाचलं. मग काठी आपटली.

"मंतशा! भाईर ये."

मंतशा हात पुसत आली. "काय झालं, मावशी?"

"जंतू कमी ते दूध चांगलं, आसंच सांगितलंस ना तू?"

"हो."

"मंग तीन मोठं का नऊ मोठं?"

शेडमधली दूध घालणारी माणसं थांबली. मल्हारी मिशीत हसला. "वहिनी, आवं शिकलेली पोर हाय ती. उगं गळा कशाला काढता?"

"तुमी गप बसा, भावजी. तुमचे नऊ, माझे तीन. तुमचं दूध पास आन माझं नापास. लाडू चारले का काय हिला?"

"नऊ नाहीत, मावशी. त्या दहाच्या वर बघा, बारीक आकडा..."

"बगितलाय! त्यो माझ्या घराचा हाय. सहा माझी खूण, चार भावजींची. मेंढराच्या खांद्यावर ठिपका आसतो तसा. ठिपका काय मोजण्यात धरत्यात व्हय?"

हसावं की कपाळावर हात मारावा, मंतशाला सुचेना. जब्बारभाई टेम्पोतून उतरले आणि खुर्ची पुढं सरकवली. "अम्मा, बैठो तो सही. बसा, पानी प्या."

"पाणी नगं. न्याय पायजेल."

"बसा मावशी," मंतशा म्हणाली. "चूक माझी आहे. मी फळ्यावर लिहीत गेले आणि कुणाला सांगितलंच नाही, काय लिहिते ते."

या शब्दानं सारजाबाईचा राग निम्मा उतरला. ती खुर्चीत नाही, जमिनीवर बसली. मंतशाही समोर मांडी घालून बसली.

"हा बारीक आकडा कुणाचा आहे, ते सांगत नाही. तो सांगतो, दहानं किती वेळा गुणायचं. तुमचं 3.2. त्याला दहानं गुणा, बत्तीस. परत दहानं, तीनशे वीस. परत..." मंतशा धुळीत बोटानं रेघा ओढत गेली. सहावी रेघ ओढली आणि थांबली. "बत्तीस लाख. एका चमचाभर दुधापेक्षाही कमी दुधात. आणि मल्हारीकाकांचे चार रेघांत संपले. एक्याण्णव हजार."

सारजाबाईनं रेघांकडं पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. "मंग आसं सांग की! खडं हायेत हे. माझं सहा खडं, भावजींचं चार. दोनच खड्यांचा तर फरक. दोन खड्यांसाठी कुणी कुणाचं दूध परत करतं व्हय, बाय?"

मंतशानं ओठ चावला. तिच्या कॉलेजात असं कुणी विचारलं नव्हतं. "मावशी, तुमचा एक खडा वाढला की किती मेंढरं वाढतात?"

"ईस."

"नेहमी वीसच?"

"ईसच. खडा काय कमीजास्त व्हतो?"

"इथं नेहमी सारखे वाढत नाहीत. इथं एक खडा टाकला की आख्खा कळप दहापट होतो. एक मेंढरू असंल तर दहा. हजार असली तर दहा हजार."

सारजाबाईनं काठी बाजूला ठेवली. तिनं डोळे मिटले. मनातल्या मनात तिनं कुंपणाचं तोंड उघडलं असावं. तिच्या बापाचा कळप. एक खडा टाकला, डोंगराची पाठ भरली. दुसरा टाकला, खुलताबादच्या घाटापर्यंत पांढरंच पांढरं. तिनं डोळे उघडले.

"ह्ये लई वंगाळ गणित हाय," ती हळू आवाजात म्हणाली.

"वंगाळ नाही. मोठं आहे. एवढी शून्यं फळ्यावर मांडली तर एखादं कमीजास्त होतं. म्हणून शून्यं लिहायची नाहीत, किती मुक्काम झाले तेवढं खांद्यावर लिहायचं."

"मुक्काम." हा शब्द तिला पटला. "दर मुक्कामाला दहापट."

"दर मुक्कामाला दहापट."

"पर पोरी, एवढाले जंतू माझ्या दुधात आले कुठून? शेरडं निरोगी. कास धुती. भांडं वाळूनं घासती, ऊन दावती. ये बग माझ्या घरी. आन एवढाले हायेत तर दिसत काहून नायत?"

सारजाबाईच्या उजव्या हाताची बोटं लाल होती. सकाळीच नव्या कोकरांच्या खांद्यावर रंग लावून ती आली होती, आणि रंगाची बाटली अजून ओच्यातच होती. मंतशानं ती मागून घेतली. शेजारच्या टपरीवरून चहाचे काचेचे ग्लास आणले, सहा, आणि ओळीनं मांडले. पहिल्या ग्लासात एक चमचा रंग आणि नऊ चमचे पाणी. ढवळलं. लालभडक. त्यातला एक चमचा दुसऱ्यात, वर नऊ चमचे पाणी. डाळिंबाच्या रसासारखं. तिसऱ्यात गुलाबी. चौथ्यात गुलाबी म्हणावं का नाही असं. पाचवा आणि सहावा ग्लास निव्वळ पाणी.

"सहाव्यात रंग आहे का, मावशी?"

"नाय."

"मी एक चमचा टाकलाय की पाचव्यातला. तुमच्या डोळ्यांपुढं."

सारजाबाईनं ग्लास उचलला, उन्हात धरला, फिरवला. मल्हारीही वाकून बघायला लागला. "हाय," ती शेवटी म्हणाली. "आसायलाच पायजेल. रंग हाय. डोळा कमी पडतोय."

"दहा लाखात एक वाटा आहे. तो लिहिताना खांद्यावर सहाच लिहायचा, पण अलीकडं एक आडवी रेघ." मंतशानं धुळीत लिहिलं, 10⁻⁶.

"ही उण्याची रेघ ना? म्हंजी नायच की मंग. उणं म्हंजी घटलं, मेलं."

"मेलं नाही. वाट तीच, फक्त तोंड फिरवलं. बिनरेघेचं सहा म्हणजे सहा मुक्काम घाट चढून, दर मुक्कामाला दहापट मोठं. रेघेचं सहा म्हणजे सहा मुक्काम घाट उतरून, दर मुक्कामाला दहा वाटे करून एक वाटा घ्यायचा. कितीही उतरलात तरी वस्तू संपत नाही. बारीक होते. एकेक जंतू असाच आहे. तुमच्या काठीतला एक मीटरचा तुकडा घ्या, त्याचे दहा वाटे करा, एक ठेवा. असं सहा वेळा. जो उरंल, तेवढी त्याची लांबी."

सारजाबाईनं काठी आडवी मांडीवर घेतली. तिच्यावरून लाल अंगठा फिरवला. एवढ्याशा लाकडात घाट उतरत जायचा. तिला हे विलक्षण वाटलं. आयुष्यभर तिनं डोंगर पायांनी उतरला होता. असाही एक उतार असतो, हातातल्या काठीच्या आत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात परत नमुना घेते, तोवर तुमचं दूध परत न करता वेगळं ठेवते," मंतशा म्हणाली. "एक लाखाच्या आत यायला पाहिजे, मावशी. नाही आलं तर मला खरंच घेता येणार नाही. सगळ्यांचं दूध एकत्र जातं."

"समजलं. म्हंजी माझ्या खांद्यावरनं दोन मुक्काम उतरवायचे."

"तेच."

ती डोंगर चढू लागली. मल्हारी मागून म्हणत होता, "वहिनी, मनाला लावून घेऊ नगा. वाळूजला बी चांगलं आसतंय, नळाला पाणी आसतंय." तिनं त्याच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुपारी तिनं दुधाचं पितळी भांडं पुढं घेतलं आणि त्याच्याकडं बघत बसली. तळाशी नेहमीसारखं घोटभर दूध होतं. ते असायचंच. तिची सासू, दगडाबाई, हिनं लग्नाच्या पहिल्या सांजेला तिच्या हातात हे भांडं दिलं होतं आणि सांगितलं होतं, "सारजे, दूध कधी सगळं संपवू नगं. घोट मागं ठिवायचा. त्यो घोट म्हंजी बरकत. बरकत गेली की दावण रिकामी." सासू तो घोट भांड्याच्या तळालाच ठेवायची, त्यावरच पुढचं दूध काढायची; सारजाबाईनंही तेच पाळलं होतं. भांडं घासायची तेव्हाही ती आधी तो घोट वाटीत काढून ठेवायची, भांडं वाळूनं लखलखीत करायची, उन्हात पालथं घालायची, आणि मग घोट परत तळाला. मंतशाला सांगितलं तेव्हा ती खोटं बोलली नव्हती. भांडं स्वच्छच होतं. घोटाचं तिच्या मनातही आलं नव्हतं. देव्हाऱ्यातल्या दिव्याबद्दल कुणी विचारलं, तर आपण तेलाचा भाव थोडाच सांगतो?

पण आता तिच्या डोळ्यांपुढं चहाचे ग्लास होते. पहिल्यातला चमचा दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात. कालचा घोट आजच्या दुधात, आजचा उद्याच्या. आणि मंतशानं जाता जाता सांगितलं होतं, रंग पाण्यात वाढत नाही, जंतू कोमट दुधात वाढतो; अर्ध्या-पाऊण तासात एकाचे दोन. म्हणजे तिच्या भांड्यात घाट उतरणं नव्हतंच. रोज चढणंच. ती घरची बरकत म्हणून जो घोट जपत होती, तो दिसत नसलेला कळप चारत होता.

जंतू वाईट हे खरं. पण सासू काय खोटं सांगत होती? त्या सासूनं पडत्या काळात स्वतः उपाशी राहून हिला भाकर दिली होती. तिचा शब्द मोडायचा? आणि नाही मोडला तर रामेश्वरला दिलेला शब्द पाळायचा. दोन शब्दांच्या मधे सारजाबाई, आणि समोर पितळी भांडं.

इतक्यात झिपरी नावाच्या शेळीचं करडू ढुशा देत आलं. आठवडाभराचं पोर, वास लागला की ऐकत नाही. भांड्यात तोंड घालायला लागलं. सारजाबाईनं त्याला ढकललं. ते परत आलं. तिनं परत ढकललं, आणि मग एकाएकी ती खुदकन हसली. एकटीच.

"सासूबाई," ती मोठ्यानं म्हणाली, जशी म्हातारी तिथं बाजेवर बसली होती, "घोट मागं ठिवायचा, आसं सांगितलंत. भांड्यातच ठिवायचा आसं कुठं म्हणाला व्हतात? दावणीची बरकत दावणीलाच ठिवते की!"

आणि तिनं तो घोट वाटीत ओतून करडापुढं धरला. करडानं वाटी चाटूनपुसून साफ केली. बाजेवरून काही उत्तर आलं नाही. सारजाबाईनं त्याचा अर्थ होकार असा घेतला. सासू जिवंतपणी नकार लगेच द्यायची.

त्या दिवसापासून तिची रीत बदलली. भांडं घासून झालं की चुलीवर आधण ठेवायची आणि खळखळतं पाणी त्यात फिरवायची. मग दगडावर उन्हात पालथं. तळ इतका कोरडा, की बोट फिरवलं तर कुरकुर आवाज यावा. पहिल्या सकाळी त्या ठणठणीत कोरड्या भांड्यात पहिली धार पडली तेव्हा झालेला आवाज तिला परका वाटला. दूध काढलं की गाळायचं, ओल्या फडक्यात भांडं गुंडाळायचं, आणि ऊन तापायच्या आत फाटा गाठायचा. मल्हारीला आता तिच्यासोबत पावलं टाकताना धाप लागू लागली. शेवटची धार मात्र रोज करडाच्या वाटीत.

नमुना गेला. मधले दोन दिवस ती रानात शेळ्यांमागं फिरली, पण लक्ष चाऱ्यावर नव्हतं. रामेश्वरचा फोन आला, तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "फळ्यावर येऊ दे."

फळ्यावर आलं. ती पोचली तेव्हा मल्हारी आधीच तिथं होता, तोंड पाडून. नावापुढं मंतशानं आकडा लिहिला होता, पण खूण अजून केली नव्हती. ती आत कॅन मोजत होती.

8.4 × 10⁴.

"वहिनी," मल्हारी हळहळून म्हणाला, "एवढी मेहनत केलीत. पर तिनाचे आठ झाले की वो. वाढलं. आता काय करायचं?"

सारजाबाईनं आठाकडं पाहिलंच नाही. तिची नजर सरळ दहाच्या खांद्यावर गेली. चार. ती बघत राहिली. मग तिनं मल्हारीच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं आणि धुळीत बोटानं रेघा ओढायला घेतल्या.

"बसा भावजी. त्या दिशी तुमी हसलात, ऐकलं नायत. समोरचा आकडा म्होरक्या हाय, नुसतं तोंड दावतो. कळप किती, ते खांदा सांगतो. आठ पूर्णांक चार. एक मुक्काम, चौऱ्याऐंशी. दोन, आठशे चाळीस. तीन. चार. संपलं. चौऱ्याऐंशी हजार! बत्तीस लाखावरनं उतरलेय म्या. आन तुमी मला आठ सांगताय व्हय?"

मल्हारीनं रेघा बघितल्या, टोपी मागं सारली, डोकं खाजवलं. "आन माझं मंग किती म्हणालात? एक्याण्णव?"

"एक्याण्णव हजार."

"म्हंजी तुमचं माझ्यापरीस कमी?"

"आज कमी. उंद्या तुमी बी भांड्यात आधण फिरवा."

मंतशा बाहेर आली ती खडू घेऊनच. फळ्यावर बरोबरची खूण केली, खडू ठेवला आणि सारजाबाईच्या शेजारी धुळीत बसली. जब्बारभाईंनी टपरीवर हाक मारली, सगळ्यांना चहा सांगितला.

"मावशी, काय केलंत?"

सारजाबाईनं तिला घोटाची गोष्ट सांगितली, सासूसकट, करडासकट. मंतशा ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरीपण दादी हंडीच्या तळाला थोडं ठेवायची. बरकतच म्हणायची."

"मंग तुझ्या दादीला बी सांग, करडू पाळ म्हणावं."

दोघी हसल्या. तेवढ्यात मोबाइल वाजला. रामेश्वर पाळीच्या बसमधून बोलत होता, मागं हॉर्न आणि माणसांचा गलका.

"आई, आलं का फळ्यावर?"

"आलं. आठ पूर्णांक चार."

रामेश्वरचा आवाज मऊ झाला. "आई, ... मागं तीन व्हतं ना? जाऊ दे. वाईट वाटून घेऊ नगं. खोली झाडून ठिवतो."

"आरं येड्या, तू कंपनीत मोजमाप करतोस आन तुलाबी खांदा दिसत नाय? दहाचा चौथा मुक्काम हाय. पास झाले म्या."

"पास?"

"पास. शेरडं कुठं जात नायत. सुट्टीला तूच हिकडं ये, तुला धुळीत बसवून शिकवते. आन येताना झाकणाचे दोन स्टीलचे डबे आण, घट्ट बसणारे. पितळीला झाकण नाय." ती थांबली, फळ्याकडं पाहिलं. "मला अजून एक मुक्काम उतरायचाय."